जाहीर इशारा : मेलेल्या कामगाराची भरपाई अडवून धरणाऱ्यांना

कारखानदार, बिल्डर, लेबर कॉन्ट्रॅक्टर, मुकादम आणि विमा कंपन्यांच्या क्लेम विभागात बसणारे साहेब, या सगळ्यांना हा इशारा आहे. विनंत्या करून झाल्या. अर्ज दिले, पोच घेतली, खेटे घातले, "पुढच्या सोमवारी या" हे ऐकून घेतले. चाकण-रांजणगावपासून वाळूजपर्यंत आणि तारापूरपासून बुटीबोरीपर्यंत कामगारांच्या अपघातांचे दावे चालवणारे आम्ही वकील आणि कार्यकर्ते आहोत. तुम्हाला येत्या 30 एप्रिलपर्यंत मुदत देत आहोत. मुदत टळल्यावर आम्ही काय करणार ते पुढे लिहिले आहे, पण ही वेळ का आली ते आधी वाचून घ्या. म्हणजे नंतर "आम्हाला कोणी सांगितलंच नाही" असे म्हणायची सोय राहणार नाही.

21 नोव्हेंबर 2025 रोजी केंद्र सरकारने चारही कामगार संहिता लागू केल्या. अपघातात मेलेल्या किंवा अपंग झालेल्या कामगाराच्या भरपाईचा 1923 चा कायदा त्यांतल्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. त्या दिवसापासून औद्योगिक पट्ट्यात एक पुडी सोडून दिलेली आहे : "जुना कायदा रद्द झाला, नव्याचा अजून पत्ता नाही, आता क्लेम कुठेच लागत नाही, देतोय ते घ्या आणि गावी जा." कॉन्ट्रॅक्टरचा सुपरवायझर हे बोलतो. विम्याचा एजंट बोलतो. आणि सांगायला लाज वाटते, पण काळा कोट घातलेले काही जणही बोलतात.

हे साफ खोटे आहे. 21 नोव्हेंबरच्या आधी झालेल्या अपघाताची जबाबदारी त्या दिवशीच मालकावर येऊन पडलेली आहे, आणि ती जुन्या कायद्याने वसूल होणार. नंतरच्या अपघाताला संहिता आहे. मध्ये मोकळी जागा नाही. जुना कायदा ज्याला आयुक्त म्हणत होता त्याला संहिता सक्षम प्राधिकारी म्हणते; पाटी बदलली म्हणून देणे बुडत नाही. मालकाची जबाबदारी, मूळ मालकाची जबाबदारी, पगार आणि वयावरून रक्कम काढायची रीत, उशीर केल्यास व्याज आणि दंड, हे सगळे संहितेत आहे. कायदा बदलल्याने तुमची सुटका झाली असे ज्याने तुम्हाला सांगितले, त्याची फी परत मागा.

आता माणूस मेल्यावर वारसांकडून सही करून घेता त्या स्टॅम्प पेपरकडे येऊ. तुमच्या ऑफिसच्या कपाटात असे गठ्ठे असतील, आमच्याकडेही आहेत. महाराष्ट्रात ऑक्टोबर 2024 पासून शंभराचा स्टॅम्प बंद झाला, म्हणून हा कागद आता पाचशेचा असतो. खर्चात झालेली वाढ काय ती एवढीच. मजकूर तोच : "सदर इसम हा स्वतःच्या चुकीने तोल जाऊन पडला असून आमची कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही. माणुसकीच्या नात्याने मिळालेले रुपये 2,00,000 आम्हास पावले. यापुढे आमचा वा आमच्या वारसांचा कोणताही हक्क राहणार नाही." खाली बायकोचा अंगठा, भावाची सही आणि साक्षीदार म्हणून तुमचेच दोन कामगार. हे सगळे उरकते सरकारी दवाखान्याच्या शवागाराबाहेर, पोस्टमॉर्टेम चालू असताना. अॅम्ब्युलन्स उभी असते, गाव आठशे किलोमीटरवर असते, आणि सही होईपर्यंत गाडीत डिझेल पडत नाही.

त्या कागदाची कायद्याने किंमत किती, तर शून्य. हक्क सोडून दिल्याचा करार कामगाराने वा वारसाने कितीही सह्या करून दिला तरी तो रद्दबातल आहे, असे कायद्याचे कलमच आहे. याहून जड गोष्ट पुढची आहे, आणि ती तुमच्यातल्या फार थोड्यांना ठाऊक दिसते. मृत्यूची भरपाई मालकाने घरच्यांच्या हातात द्यायचीच नसते. ती आयुक्तांकडे जमा करायची असते. परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नाही. तीन महिन्यांच्या पगाराइतकी उचल काय ती वजा होते, बाकीचे पैसे तुम्ही दिले नाहीत असेच कायदा मानतो. म्हणजे शवागाराबाहेर मोजलेल्या दोन लाखांतले जास्तीत जास्त 45,000 तुमच्या खात्यात पडतील, तेही पगार 15,000 धरला तर. उरलेले खड्ड्यात गेले. आणि तो स्टॅम्प पेपर? तो आम्ही हरकतीशिवाय दाखल करून घेऊ. अपघात झाला, माणूस तुमच्याच कामावर होता आणि तुम्हाला त्याच दिवशी सगळे कळले होते, याचा त्याहून चांगला लेखी पुरावा आम्हालाही सापडला नसता.

देणे मुळात किती होते, हे एकदा समोर मांडू. 2024 साली स्लॅबवरून पडून मेलेला 30 वर्षांचा सेंट्रिंग कामगार घ्या. हिशोबासाठी धरायच्या पगाराची मर्यादा 3 जानेवारी 2020 पासून महिना 15,000 आहे. त्याआधी ती 8,000 होती, आणि तुमच्यातले कितीतरी जण अजून तोच जुना आकडा धरून बसले आहेत. मृत्यूला पगाराच्या निम्मे, म्हणजे 7,500. तिशीच्या माणसासाठी तक्त्यातला गुणक 207.98. गुणाकार करा : 15,59,850 रुपये. एवढे द्यायचे होते, दिले दोन लाख, आणि कागदावर लिहिले "माणुसकीच्या नात्याने."

हा आकडा देय होतो तो निकालाच्या दिवशी नाही, अपघाताच्या दिवशी. सर्वोच्च न्यायालयाने हे 1975 मध्येच सांगून टाकले आहे. महिन्याभरात जमा केले नाहीत की वर्षाला 12 टक्के सरळ व्याज सुरू होते : आपल्या उदाहरणात वर्षाचे 1,87,182 रुपये. उशिराला समर्थनीय कारण नसेल तर वर 50 टक्क्यांपर्यंत दंड, म्हणजे 7,79,925 पर्यंत. एक वर्ष चालढकल करा आणि साडेपंधरा लाखांचे देणे पंचवीस लाखांच्या पुढे जाते.

"आमची डब्ल्यूसी पॉलिसी आहे, कंपनी भरेल," असे म्हणून जे मालक पाय पसरून बसलेत त्यांनी इथे जरा सरळ बसावे. दंड विमा कंपनी भरत नाही. तो मालकाच्या स्वतःच्या चुकीचा असतो आणि त्याच्याच खिशातून जातो, हा सर्वोच्च न्यायालयाचा 1997 चा निकाल आहे. व्याजाचेही तसेच होऊ शकते. पॉलिसीच्या अटींत व्याज वगळले असेल तर ती अट चालते, असे त्याच न्यायालयाने 2006 मध्ये म्हटले आहे. तुमच्या पॉलिसीच्या मागच्या बारीक अक्षरांत ते वगळले आहे की नाही, हे कधी पाहिलेत? एजंटने दिलेले पहिले पान फ्रेम करून ऑफिसात लावले असेल तर ते उतरवा आणि मागची पाने वाचा.

पॉलिसीचा आणखी एक घोळ आम्हाला रोज दिसतो. साइटवर ऐंशी माणसे, पॉलिसी वीस हेल्परांची. रोख पगार अठरा हजार, विमा कंपनीला कळवलेला आठ हजार. प्रीमियमचे चार पैसे वाचतात खरे. मग अपघात होतो, आणि रात्रीत मस्टरवर मेलेल्याचे नाव चढते : दुसऱ्या शाईने, दोन ओळींच्या मधल्या फटीत, मागच्या पंचवीस दिवसांची हजेरी एकाच हाताने भरून. विमा कंपनीचा तपासनीस हे पाच मिनिटांत ओळखतो. आम्हालाही फार वेळ लागत नाही. त्या शाईसाठी तुमच्यावर फौजदारी होऊ शकते, हे त्या रात्री मस्टर भरणाऱ्या तुमच्या टाइमकीपरला तरी सांगून ठेवा. सही त्याची असते.

कारखान्यात याचा जोडभाऊ म्हणजे अपघातानंतर घाईने काढलेला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) नंबर. कामगाराला ईएसआय लागू असेल तर त्याचे लाभ तिथून मिळतात आणि भरपाईचा वेगळा दावा होत नाही, हे मालकांना बरोब्बर माहीत असते. म्हणून दोन वर्षे बिनकार्डाचा राबवलेला पोरगा पॉवर प्रेसखाली अंगठा गमावतो आणि दुसऱ्या दिवशी त्याची नोंदणी होते. नोंदणीचा अर्ज कधी गेला, वर्गणी कधीपासून भरली, हे आम्ही मागवून घेणार आहोत. तुटलेल्या अंगठ्याला कायद्याने 30 टक्के कमाईची हानी धरलेली आहे. पोरगा 25 वर्षांचा आणि पगार 15,000 असेल तर भरपाई 5,85,657 रुपये होते. त्याला तुम्ही दिले दवाखान्याचे बिल आणि पंधरा दिवसांची भरपगारी रजा. बिल तर तुम्हाला असेही द्यायचेच होते. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च भरपाईपेक्षा वेगळा असतो.

आता विमा कंपन्यांकडे वळतो. तुमचे पत्र आम्हाला तोंडपाठ झाले आहे. "मृत इसमाने हेल्मेट परिधान केलेले नव्हते, सेफ्टी बेल्ट लावलेला नव्हता, तो मद्याच्या अंमलाखाली असल्याचे समजते, सबब दावा नामंजूर." हा बचाव छोट्या दुखापतीत एक वेळ चालेल. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व असेल तर कायद्यात तो उपलब्धच नाही. कामगार प्यायलेला असो, नियम मोडलेला असो, भरपाई द्यावीच लागते. तुमच्या विधी विभागाला हे ठाऊक नाही असे आम्ही मानत नाही. ठाऊक असून पत्र पाठवले जाते, कारण दहांतल्या आठ विधवा ते पत्र वाचून गप्प बसतील असा तुमचा हिशोब असतो.

दुसरे पत्र : "अपघात कामाच्या आवाराबाहेर घडला असल्याने." हे पत्र तर आता फाडूनच टाका. धाराशिव जिल्ह्यातला एक दावा सांगतो. साखर कारखान्यावरचा वॉचमन, पहाटे तीनची ड्युटी. 22 एप्रिल 2003 रोजी मोटारसायकलवर कामाला निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. मागे बायको, चार मुले, म्हातारी आई. 2009 मध्ये आयुक्तांनी 3,26,140 रुपये आणि 12 टक्के व्याज मंजूर केले. विमा कंपनी अपिलात गेली; वॉचमन अजून कामावर पोहोचला नव्हता या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने 2011 मध्ये निकाल फिरवला. 29 जुलै 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आयुक्तांचा निकाल पुन्हा उभा केला : घरून कामावर जाताना किंवा कामावरून घरी येताना झालेला अपघात, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा नोकरीशी धागा जुळत असेल तर, नोकरीतलाच अपघात. राज्य विमा कायद्यात 2010 मध्ये आलेली तरतूद न्यायालयाने 2003 च्या अपघातालाही लावली आणि भरपाईच्या कायद्यालाही लावली. चारच महिन्यांत लागू झालेल्या संहितेत तर ही गोष्ट लिहूनच ठेवलेली आहे.

बावीस वर्षे. मुले शाळेतून संसाराला लागण्याएवढा काळ. कंपनीच्या बाजूने पाहायचे तर वर्षाला 39,136 रुपये 80 पैसे या दराने निव्वळ व्याजच साडेआठ लाखांवर जाते, मुद्दलाच्या अडीचपटीहून जास्त. शिवाय तीन न्यायालयांतल्या वकिलांची फी. एवढे करून कंपनीने काय वाचवले, हे त्यांच्या भागधारकांनी विचारायला हवे. आमचा तो विषय नाही.

तेव्हा चाकणच्या कंपनी बसमधून पडलेला, शिफ्ट सुटल्यावर रात्री महामार्ग ओलांडताना गेलेला, टेम्पोच्या हौद्यात उभा राहून साइटवर निघालेला, असे जेवढे दावे तुम्ही "आवाराबाहेर" म्हणून बंद केले असतील तेवढे उघडा. मालवाहू गाडीवरचा ड्रायव्हर आणि गाडीतून नेलेला हमाल हे मोटार पॉलिसीतही येतात, हेही त्याच फायलीत पाहून घ्या.

मूळ मालकांना वेगळे सांगायला हवे, कारण त्यांचा चेहरा नेहमी असा असतो की हे सगळे दुसऱ्याच कोणाविषयी चालले आहे. "तो आमचा माणूस नाही, कॉन्ट्रॅक्टरचा आहे." बरोबर, आणि काम कोणाचे होते? तुमच्या धंद्याचे काम ठेकेदाराकरवी करून घेतले तर कामगार थेट तुमच्याकडून भरपाई मागू शकतो. तुम्ही ती भरा आणि ठेकेदाराकडून वसूल करा. कायद्याने तो हक्क तुम्हाला दिलेला आहे. ठेकेदार पळून गेला, त्याचा फोन बंद आहे, त्याचे ऑफिस म्हणजे चहाच्या टपरीमागची खोली होती, ही तुमची अडचण. त्याला सर्वात कमी दराने काम दिलेत तेव्हा ती खोली तुम्ही पाहिली नव्हती काय?

1 ऑगस्ट 2023 च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर यंत्रणा कोसळून वीस माणसे गेली. तेव्हा मंत्री आले, कॅमेरे आले, मदत जाहीर झाली. अशा मृत्यूंची निदान नोंद तरी होते. आमच्याकडे येणारे दावे तसे नसतात. ते एकेकट्याचे असतात : लिफ्टच्या डक्टमध्ये पडलेला एक, मळीच्या टाकीत उतरलेला एक, रोलरमध्ये हात गेलेली एक बाई. मृत्यू झाला की सात दिवसांत त्याचा अहवाल पाठवायचा असतो. तो गेला नाही की सरकार दरबारी तो माणूस मेलेलाच नसतो. बांधकाम कामगार मंडळाची किंवा सरकारची मदत मिळाली म्हणजे भरपाई फिटली, हाही एक गोड गैरसमज आहे. ते सरकारचे देणे आहे आणि हे तुमचे.

30 एप्रिलपर्यंत तुम्ही काय करायचे ते ऐका. गेल्या दोन वर्षांतल्या प्रत्येक मृत्यूची आणि कायमच्या अपंगत्वाची, स्टॅम्प पेपरवर मिटवलेल्यांसकट, भरपाई हिशोब करून व्याजासह जमा करा. आकड्याबद्दल वाद असेल तर जेवढी रक्कम मान्य आहे तेवढी आधी भरा. वाद चालू असतानाही तेवढी भरणे कायद्याने बंधनकारक आहे. न पाठवलेले अपघाताचे अहवाल पाठवा. प्रत्येक कामगाराला, ठेकेदाराच्या कामगारालाही, त्याच्या भरपाईच्या हक्काची माहिती त्याला वाचता येईल अशा भाषेत लेखी द्या. ही 2017 पासूनची सक्ती आहे आणि ती मोडल्यास जुन्या कायद्यानेच पन्नास हजार ते एक लाखाचा दंड होता. पॉलिसीत खरी माणसे आणि खरा पगार दाखवा. आणि विमा कंपन्यांनी हेल्मेट, दारू आणि आवाराबाहेर या तीन कारणांवर नाकारलेले सगळे मृत्युदावे, वारसांनी पुन्हा अर्ज करायची वाट न पाहता, स्वतः उघडावेत.

हे झाले नाही तर मे महिन्यात न्यायालये उघडी असतील त्या पहिल्या दिवसापासून आम्ही प्रत्येक जिल्ह्यात एकेक दावा दाखल करू. दोन वर्षांची मुदत उलटलेल्या दाव्यांत विलंब माफीचे अर्ज देऊ, आणि विलंबाचे कारण म्हणून तुमचाच स्टॅम्प पेपर जोडू. ठेकेदारासोबत मूळ मालक आणि विमा कंपनी दोघांनाही सामनेवाले करू. प्रत्येक दाव्यात कमाल दंड मागू आणि दंड कंपनीच्या नव्हे, मालकाच्या खिशातून घ्यावा असे लेखी म्हणू. जिथे अहवालच गेलेला नाही, मस्टर बदललेले आहे, तिथे त्याच दिवशी पोलिसांत तक्रार. निकाल लागल्यावर पैसे आले नाहीत तर वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होते. तहसीलदाराचा जप्तीचा कागद गेटवर चिकटलेला तुमच्या बँकेला आणि ग्राहक कंपन्यांना दिसेल. अपिलात जायचे असेल तर खुशाल जा. पण मालकाच्या अपिलाला निकालाची पूर्ण रक्कम जमा केल्याचे प्रमाणपत्र लागते, तेव्हा आधी पैसे, मग अपील. बावीस वर्षे खेळवायचा खेळ आता तुमच्याच भरलेल्या पैशांवर खेळावा लागेल.

कामगारांना आणि वारसांनाही यातच सांगून ठेवतो. शवागाराबाहेर कशावरही सही करू नका, अंगठा देऊ नका. मृतदेह ताब्यात घ्यायला तसल्या कागदाची गरज नाही. एफआयआर, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमची प्रत मागून घ्या, मोबाइलमधले पगाराचे मेसेज आणि साइटवरचे फोटो पुसू नका, सोबत काम करणाऱ्या दोघांचे नंबर लिहून घ्या. सही आधीच झाली असेल तर ताई, घाबरू नका. ती सही तुमच्या आड येत नाही. पैसे घेतलेत म्हणून दावा करता येत नाही, असे कोणी सांगितले तर त्याचे नाव तेवढे आम्हाला कळवा.

मालक आणि कंपन्यांनी उत्तर लेखी द्यावे, सोबत पैसे जमा केल्याची पावती जोडावी. फोनवर, हॉटेलात किंवा कोणा पुढाऱ्याच्या बंगल्यावर बोलणी होणार नाहीत.